बुधवारची कोंबडी आणि डाळीचं पाणी : रबाळ्यातल्या एका कँटीनचं प्रकरण

नवी मुंबईतल्या रबाळे एमआयडीसीत यंत्रांचे सुटे भाग बनवणारा एक कारखाना आहे. कंत्राटी कामगार धरून साडेतीनशेच्या आसपास माणसं, तीन पाळ्या आणि एक जुनं कँटीन. कारखाने अधिनियम १९४८ च्या कलम ४६ मध्ये अडीचशेपेक्षा जास्त कामगार असलेल्या कारखान्यांसाठी कँटीनची तरतूद होती. त्या कायद्याच्या धाकाने सुरू झालेल्या अनेक कँटीनांपैकी हे एक. ठेकेदार दर दोन-तीन वर्षांनी बदलतो, आचारी मात्र तेच राहतात. सगळे त्यांना मामा म्हणतात, मीही तेच म्हणते. कारखान्याचं आणि माणसांचं नाव इथे देत नाही. आहारतज्ज्ञ म्हणून मला बोलावलं गेलं तेव्हा भांडण चांगलंच पेटलेलं होतं.

२०२४ च्या उन्हाळ्यात व्यवस्थापनाच्या टेबलावर दोन कागद एकाच सुमारास आले. पहिला वार्षिक आरोग्य तपासणीचा. पन्नाशीच्या आतल्या कितीतरी जणांची साखर आणि रक्तदाब काठावर किंवा काठाच्या पलीकडे. यात नवल काहीच नव्हतं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये नवी आहारतत्त्वं जाहीर केली. त्यांत देशातल्या एकूण रोगभारापैकी ५६.४ टक्के भार चुकीच्या आहाराच्या माथी मारलेला आहे. मग रबाळ्याचं शेड त्याला अपवाद कसं असेल?

दुसरा कागद परदेशी ग्राहकाचा. माल घ्यायचा तर कार्बनचा हिशोब द्या, म्हणजे हवा तापवणारे वायू किती सोडता ते सांगा, आणि त्या हिशोबात वीज, डिझेल, वाहतूक यांच्याबरोबर कँटीनही धरा. प्रश्नावलीत एक सरळ रकाना होता : आठवड्यातून किती दिवस शाकाहारी जेवण देता?

व्यवस्थापनाने एका दगडात दोन पक्षी मारायचं ठरवलं. तब्येतही सुधारेल, रकानाही भरेल. सूचना फलकावर कागद लागला : बुधवार आणि शुक्रवार ‘हरित दिवस’, त्या दिवशी कोंबडी, अंडी, मासे बंद.

बुधवार आणि शुक्रवारच का, हे मी मुद्दाम विचारून घेतलं. उत्तर कागदावर अगदी बिनचूक होतं. कँटीनच्या कुपनांचा हिशोब काढला तर सोमवार, गुरुवार आणि शनिवारी सामिष ताटं मुळातच कमी जातात. कुणाचा सोमवार, कुणाचा गुरुवार, कुणाचा मारुतीचा शनिवार. त्या दिवशी बंदी घालून आकड्यांत काहीच फरक दिसला नसता. फरक दिसायला हवा तर जिथे खप जास्त तिथेच हात घालायला हवा. सल्लागाराने तक्ता काढून दिला आणि तक्त्यात बुधवार-शुक्रवार सर्वांत उंच दिसले.

ज्याने महाराष्ट्रात चार वर्षं जेवण केलंय त्याला पुढचं सांगायची गरज नाही. बुधवार, शुक्रवार, रविवार हे आपल्याकडे खायचे वार. रविवार घरी जातो, म्हणजे कारखान्यात उरले दोनच, आणि नेमके तेच गेले. युनियनच्या एका पदाधिकाऱ्याने पहिल्याच बैठकीत सुनावलं, “सोमवार, गुरुवार, शनिवार आमच्या देवाला दिले. आता बुधवार, शुक्रवार तुमच्या साहेबाच्या देवाला द्यायचे का?”

या रागाला अन्नाच्या पलीकडचंही कारण होतं, आणि ते समजून न घेता पुढचं काही कळणार नाही. ठाणे-मुंबईत ‘इथे मांसाहारी लोकांना घर मिळणार नाही’ हे ऐकत मोठी झालेली माणसं या शेडमध्ये आहेत. घणसोली-गोठिवलीचे आगरी, दिवाळे गावचे कोळी, कोकणातून आलेले मालवणी. त्यांना ‘आठवड्यातून दोन दिवस शाकाहार’ हे वाक्य पर्यावरणाचं म्हणून ऐकूच येत नाही. ते ऐकू येतं जातीचं म्हणून, सोसायटीच्या नोटिशीसारखं. हवामानबदलाची कितीही चित्रफीत दाखवा, आधी तो काटा काढावा लागतो.

हरित दिवशी ताटात काय होतं

पहिल्या आठवड्यात बुधवारी उष्ट्याची दोन पिंपं भरली, एरवी एक जेमतेम भरतं. गेटबाहेरच्या अंडा भुर्जीच्या गाडीवर रांग लागली आणि गाडीवाल्याने दुसऱ्याच आठवड्यात मदतीला पोरगा ठेवला. तिसऱ्या बुधवारी दिवसपाळीने कँटीनवर बहिष्कार टाकला.

मी गेले ती थेट भटारखान्यात. बैठकीआधी ताट बघायचं, हा माझा नेम आहे. त्या बुधवारच्या ताटात होतं : पनीर बटर मसाला, मैद्याचा नान, जिरा राइस, दाल, पापड आणि गुलाबजाम. कोंबडी काढली म्हणून लोकांना राग येऊ नये यासाठी ठेकेदाराने ‘पार्टीचं’ जेवण ठेवलं होतं. हेतू चांगला. पण पानात भाजी म्हणावी अशी गोष्ट कांद्याच्या दोन चकत्यांपलीकडे नव्हती.

दाल बघायला मी पळी पातेल्याच्या तळापर्यंत घातली आणि वर काढली. वरचं पिवळं पाणी गळून गेल्यावर पळीत चमचाभर डाळ उरली. मामा म्हणाले, “ठेकेदार मापून देतो ताई. तेवढ्यात तीनशे माणसं जेवायची तर पाणीच वाढवणार ना?” हिशोब केला तेव्हा एका ताटामागे कच्ची डाळ साधारण १५ ग्रॅम निघाली. म्हणजे प्रथिनं साडेतीन ग्रॅमच्या आत. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २००० कॅलरीच्या नमुना ताटात दिवसाला डाळी, कडधान्यं किंवा अंडी-मांस मिळून ८५ ग्रॅम आणि भाज्या ४०० ग्रॅम धरल्या आहेत. दिवसातलं मुख्य जेवण जो इथे जेवतो, त्याला त्या ताटातून डाळीचा पाचवा हिस्साही मिळत नव्हता.

माझ्या मते सगळं प्रकरण या पळीत होतं. या कँटीनमध्ये कोंबडी जास्त झालेली नव्हती, डाळ आणि भाजी कमी झालेली होती. बाकी सगळे दिवस ती कमी होती आणि हरित दिवशी आणखी कमी झाली, कारण पैसे पनीरला गेले.

पनीरचीही एक कथा आहे. ठेकेदार ज्या भावाने पनीर आणत होता तो बाजारभावाच्या मानाने फारच स्वस्त होता. खोक्यावरचं बारीक अक्षर वाचलं तर ‘ॲनालॉग’ असं लिहिलेलं. म्हणजे दुधाच्या स्निग्धांशाऐवजी पामतेल घालून केलेला पनीरसारखा पदार्थ. मला तिथेच हसू आलं. नकळत का होईना, कंपनीने वनस्पतीजन्य पनीर सुरू केलंच होतं! पण हसण्यावारी नेण्यासारखं ते नव्हतं. ठेकेदाराशी त्यावर वेगळं बोलणं झालं आणि ती खोकी बंद झाली.

कार्बनचा हिशोब आपल्या ताटाचा

व्यवस्थापनाला वाटत होतं की तब्येतीचं काय व्हायचं ते होवो, पृथ्वीचं तरी भलं झालं. तिथेही गडबड होती.

अन्नापायी हवेत जाणाऱ्या हरितगृह वायूंचा सर्वांत जास्त वापरला जाणारा हिशोब २०१८ साली ‘सायन्स’मध्ये आलेल्या पूर आणि नेमेचेक यांच्या अभ्यासातला आहे. ११९ देशांतल्या सुमारे ३८,७०० शेतांचा माल त्यात धरला आहे. दर १०० ग्रॅम प्रथिनांमागे किती वायू हवेत जातो, याची जागतिक सरासरी त्यात अशी येते : मांसासाठी पाळलेल्या गुरांचं गोमांस ५० किलो, चीज ११ किलोच्या जवळ, कोंबडी ५.७, अंडी ४.२, टोफू २, शेंगदाणे १.२ आणि कडधान्यं ०.८४ किलो. जगभर ‘मांस कमी करा’ म्हणतात तेव्हा डोळ्यांसमोर तो ५० चा आकडा असतो. रबाळ्याच्या कँटीनमध्ये तो पदार्थ नाहीच. इथे काढली होती कोंबडी, आणि तिच्या जागी आणलं होतं पनीर.

पनीर म्हणजे चीज नव्हे, मान्य. किलोभर पनीरला पाचेक लिटर दूध लागतं, मुरवलेल्या चीजला दहाच्या घरात. पण चीजमध्ये प्रथिनंही जास्त असतात. त्यामुळे प्रथिनांच्या हिशोबाने पनीरचा आकडा थोडा खाली येतो, तरी कोंबडीच्या खाली जाताना दिसत नाही. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात मिथेन तयार होतो, तो दुधाच्या प्रत्येक पदार्थाच्या खात्यात येतो. तेव्हा कोंबडी काढून खरं पनीर आणलं असतं तर रकाना भरला असता आणि वायू होता तिथेच राहिला असता, किंवा वाढलाही असता. कोंबडीच्या जागी उसळ आणली तर मात्र तोच आकडा सहा-सात पटींनी खाली येतो. आणि अंडं? माझं स्पष्ट मत असं की रोज तासन्‌तास उभं राहून काम करणाऱ्या माणसाच्या अंड्याला हात लावू नये. स्वस्त आहे, बी-१२ आहे, आणि वायूच्या हिशोबात पनीरपेक्षा केव्हाही उजवं आहे.

दुसरी गोष्ट भाताची. भातखाचरात पाणी साचून राहतं, त्या पाण्याखाली हवा नसलेल्या चिखलात जिवाणू मिथेन तयार करतात. म्हणून तांदळाचा भार ज्वारी-बाजरीपेक्षा बराच जास्त असतो. आपल्या ताटात मांस थोडं आणि भाताचा डोंगर मोठा, तेव्हा आपला हिशोब लावताना परदेशी तक्ता जसाच्या तसा चिकटवून चालत नाही.

बैठक

कँटीन समितीच्या बैठकीत मी पहिली मागणी केली ती बंदी उठवण्याची. व्यवस्थापनाला ते आवडलं नाही. मनुष्यबळ विभागाच्या बाई म्हणाल्या, “मग तुम्हाला बोलावलं कशाला?” बरोबरच होतं त्यांचं. पण वर्ज्य केलेल्या गोष्टीचं महत्त्व वाढतं हे श्रावणानंतरच्या मटणाच्या दुकानावर जाऊन कुणीही बघावं. कोंबडी परत आली की लोक ताटातलं बाकीचं बघायला लागतील, आणि मला बाकीचंच बदलायचं होतं.

बंदी उठली म्हटल्यावर खुर्च्यांवरची माणसं सैल झाली. मग एक घणसोलीचे ज्येष्ठ कामगार बोलले, निवृत्तीला आलेले. त्यांच्या वडिलांची शेती एमआयडीसीत गेली होती. “ताई, आमचे घरान रोज कंची कोंबरी व्हती? भात, वाल न् सुकट. कोंबरी पावना आला तं.” वाल त्यांच्या शेतात भात कापल्यावर पेरत. खाचरात उरलेल्या ओलीवर वाल येतो, वेगळं पाणी द्यावं लागत नाही. पनवेल, पेण, अलिबागकडे आजही असाच घेतात. आणि वालाच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र जमिनीत बांधतात, म्हणजे युरियाची गरज कमी. युरियातून निघणारा नायट्रस ऑक्साइड कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट तापदायक धरला जातो. परदेशी ग्राहकाला जे हवं होतं ते या गृहस्थांच्या बांधावर होतं आणि त्यावर आता शेड आहे. हा विरोधाभास मी बैठकीत बोलून दाखवला नाही. बोलून उपयोग नव्हता.

पण त्या एका वाक्याने चर्चेची दिशा बदलली. सुकट-वांगं, जवळा घातलेली भोपळ्याची भाजी, कोलंबी आणि शेवग्याच्या शेंगा, वालाचं बिरडं : किनाऱ्यावरच्या घरांत मासळी बहुतेक वेळा मूठभर आणि भाजी पातेलंभर, अशीच शिजत आली आहे. मूठभर जवळ्याने तीन किलो वांग्यांना चव येते. एका कोळी कामगाराने विचारलं, “म्हणजे हे तुमच्या हिशोबात बसतं?” मी म्हटलं, उत्तम बसतं. मला ताटात भाजी-कडधान्य वाढायला हवंय, सोवळं पाळायला नकोय.

एक सूचना मी तिथेच मोडीत काढली. खिम्यात गुपचूप सोयाबीनचे दाणे मिसळायचे, कुणाला कळणार नाही, असं ठेकेदाराचं म्हणणं होतं. कळतंच. आणि कळल्यावर पुढची दहा वर्षं लोक कँटीनच्या कुठल्याच पदार्थावर विश्वास ठेवत नाहीत.

भटारखान्यात झालेले बदल

डाळीचं माप दुप्पट केलं, ताटामागे ३० ग्रॅम कच्ची. त्याखेरीज रोज एक उसळ, तीही ३० ग्रॅम कच्च्या कडधान्याची. दोन्ही मिळून १३ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं, सोबत पोळी-भात. प्रथिनांच्या घटकांपैकी धान्यात लायसिन कमी आणि कडधान्यात मेथिओनिन कमी, म्हणून वरण-भात एकत्र खाल्ल्यावर एकमेकांची उणीव भरून निघते. हे आपल्या आज्यांनी न शिकता जमवलं होतं. पैसे आले पनीरमधून. पनीर महिन्यातून एकदा, आणि तेही खरं. एक किलो चांगल्या पनीरच्या पैशांत साधारण तीन किलो मटकी येते, त्यामुळे ठेकेदाराच्या गणिताला धक्का लागला नाही. उलट पहिल्या महिन्यानंतर त्याचा आवाज खाली आला.

मोडांनी मात्र दमवलं. साडेतीनशे माणसांची मटकी म्हणजे दहा-अकरा किलो कोरडी, भिजून-मोडून तिप्पट होते. मामा ती संध्याकाळी घरी जाताना भिजत घालत, सकाळी निथळून धोतराच्या कापडात बांधत, दिवसभर टांगत आणि दुसऱ्या दिवशी शिजवत. उन्हाळ्यात हे छान जमलं. पाऊस सुरू झाला आणि रबाळ्याच्या त्या दमट शेडमध्ये गाठोडी आतून गरम लागायला लागली. मटकी बुळबुळीत व्हायची, आंबूस वास मारायची. मामा हात घालून ओळखायचे, बोटांना तार लागली की अख्खं गाठोडं ओल्या कचऱ्यात. दोनदा असं झाल्यावर त्यांनीच तोड काढली. पावसाळाभर मोड बंद, रात्री भिजवून सकाळी शिजवायची कडधान्यं सुरू : चवळी, मसूर, काळा वाटाणा, हरभरा. मोडांनी क जीवनसत्त्व वाढतं, लोह शोषू न देणारं फायटेट कमी होतं, शिजायला गॅस कमी लागतो, हे सगळं खरं. पण बिनमोडाची उसळसुद्धा त्या पिवळ्या पाण्यापेक्षा लाखपटीने बरी.

पोट फुगण्याच्या तक्रारी आल्या, येणारच होत्या. भिजवलेलं पाणी टाकून द्यायचं, नव्या पाण्यात शिजवायचं, हिंग-ओवा घालायचा आणि ज्याला त्रास होतो त्याने आधी अर्धी वाटी घ्यायची. महिन्याभरात तक्रारी ओसरल्या. आतड्यातले जिवाणू अन्नातल्या तंतूंना सरावतात. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाला किमान २५ ग्रॅम तंतू सांगते, आणि मैद्याच्या नानवर वाढलेलं पोट तिथवर एका दिवसात जात नाही.

मिसळीवर मात्र माझं आणि मामांचं वाजलं. मिसळ ही या कारखान्याची जान. मटकी आहे, वनस्पतीजन्य आहे, सगळं खरं, पण वर दोन बोटं तर्री आणि मूठभर फरसाण. तेल, साखर, मैदा, फरसाण, वडापाव हे सगळं झाडाचंच की! ‘प्राण्याचं नाही’ म्हणजे पथ्याचं, हा समज मी दवाखान्यात रोज बघते. मामा म्हणाले, तर्री काढली तर लोक मला मारतील. शेवटी तर्री वेगळ्या पातेल्यात ठेवली, ज्याला हवी त्याने वरून घ्यावी. निम्म्या लोकांना रश्श्यावरच भागतं असं दिसलं. बाकीचे निम्मे दोन पळ्या घेतात. घेऊ देत.

भाकरीचं प्रकरण पूर्ण यशस्वी झालं असं म्हणता येत नाही. भात थोडा उतरावा म्हणून आठवड्यातून दोन दिवस ज्वारीची भाकरी आणायचं ठरलं. साताऱ्या-सोलापूरकडचे खूश. आगरी मंडळींनी विचारलं, भाकरी म्हणजे तांदळाचीच ना? त्यांच्याकडे भाकरी तांदळाचीच असते, आणि ती आणली तर भात उतरवण्याचा हेतूच बुडतो. साडेतीनशे भाकऱ्या थापायला कँटीनमध्ये हात नाहीत, म्हणून गावातल्या एका बचत गटाला काम दिलं. गरम असेतो उत्तम, पण दुसऱ्या बॅचला जेवायला बसेपर्यंत कडक होते. आता ज्वारी दोन दिवस, तांदळाची एक दिवस, आणि भात रोज आहेच, फक्त वाढणारा आधी उसळ वाढतो आणि मग भात. वाढण्याचा हा क्रम बदलल्याने भाताचा ढीग जितका कमी झाला तितका भाकरीने झाला नाही.

पावसाळ्यात एक आनंदाची गोष्ट झाली. ठाणे स्टेशनबाहेर मुरबाड-शहापूरकडच्या आदिवासी बायका रानभाज्या घेऊन बसतात. टाकळा, कुर्डू, भारंगी, कंटोळी, शेवळं. साडेतीनशे माणसांना पुरेल इतकी रानभाजी आणणं शक्य नव्हतं आणि योग्यही नव्हतं. पण मामांनी एकदा कार्यालयातल्या चाळीसेक लोकांसाठी शेवळं केली, काकडं ही आंबट फळं घालून, घशाला खाज सुटणार नाही अशी. रोजच्या भाजीसाठी मात्र तुर्भ्याची एपीएमसी हाताशी आहे. दुधी, लाल भोपळा, गवार, पालेभाजी जी स्वस्त असेल ती, आणि ताटामागे १५० ग्रॅम. हे माप पाळलं जातंय का ते समितीचे दोघे आळीपाळीने वजनकाट्यावर बघतात.

सावध राहायच्या जागा

जोडणी विभागात बायका जास्त. त्यांच्यातल्या बऱ्याच जणींचं हिमोग्लोबिन कमी. त्यांची उसळ वाढली, पण जेवण संपताच मशिनचा चहा ठरलेला, आणि चहातलं टॅनिन कडधान्यातलं लोह शोषू देत नाही. चहाची सुट्टी तासाभराने पुढे नेली आणि ताटात लिंबाची फोड ठेवली. सगळ्या प्रकरणात फुकटात झालेला बदल हा एकच.

लेखा विभागातले एक गृहस्थ जन्माचे शाकाहारी, अंडंही नाही, आणि दूधही आवडत नाही म्हणून बंद. पायाला मुंग्या, थकवा. बी-१२ तपासलं तर खूपच खाली. बी-१२ डाळीत नाही, भाजीत नाही. ज्याने प्राणिजन्य सगळंच सोडलंय त्याने ते गोळीतून किंवा इंजेक्शनातून घ्यायलाच हवं. हे त्यांना डॉक्टरांनी सांगितलं, आणि मी फलकावरही लावलं. मूत्रपिंडाचा आजार असलेल्या दोघांना वाढीव डाळ-उसळीचं ताट लागू नाही, त्यांचं प्रथिनं आणि पोटॅशियमचं माप त्यांच्या डॉक्टरांकडून येतं. मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनाही सांगितलं की साखर वरचेवर तपासत राहा, ताट बदललं तरी गोळी आपल्या मनाने कमी करायची नाही.

पुढच्या वर्षीच्या तपासणीत काही जणांची साखर खाली आली, काहींची नाही, दोघांची वाढली. याचं श्रेय मी उसळीला देणार नाही. एक जेवण कँटीनमध्ये, बाकी घरी, पाळ्यांची झोप वेगळी, मध्ये कुणी तंबाखू सोडली. कागदावर ठामपणे सांगता येतं ते इतकंच : बुधवारी उष्ट्याचं पिंप पुन्हा एकावर आलं, कडधान्याची खरेदी कित्येक पट झाली, आणि कोंबडीची ताटं कुणी न सांगता थोडी घटली. ती का घटली याची दोन उत्तरं मिळाली. समितीतले म्हणतात उसळ चांगली होते. मामा म्हणतात, उसळीचं कुपन स्वस्त आहे.

ग्राहकाच्या प्रश्नावलीत ‘शाकाहारी दिवस’ या रकान्यात आता शून्य लिहावं लागतं, कारण बंदी एकाही दिवशी नाही. मनुष्यबळ विभागाच्या बाई यावर नाराज होत्या. मी सुचवलं की शून्य लिहा आणि शेजारी कडधान्य, पनीर, कोंबडी आणि तांदूळ यांची वर्षाची खरेदी किलोत लिहा. त्यांनी लिहिलं. ग्राहकाकडून खुलासा मागणारं पत्र आलं आणि त्यावर दोन महिने पत्रव्यवहार चालला. शेवटी ते आकडे त्यांनी स्वीकारले, रकाना मात्र बदलला नाही.

नव्या ठेकेदाराच्या करारात डाळ ‘एक वाटी’ अशी लिहायची नाही, कच्चं वजन लिहायचं, असं समितीने ठरवलंय. रात्रपाळीचा प्रश्न तसाच आहे. कँटीनची चूल रात्री अकराला विझते आणि त्यांना खारी, बिस्किटं आणि गार वडापाव मिळतो. उसळ डब्यात भरून ठेवली तर या हवेत ती पहाटेपर्यंत टिकणार नाही. शीतकपाट आणि गरम करायची शेगडी यांचा खर्च कोण करणार, यावर पुढच्या बैठकीत बोलायचं आहे. तोवर उकडलेली अंडी, भाजलेले चणे-शेंगदाणे आणि केळी सुरू केली आहेत.